चुंबकीय पुनर्जोडणी आणि सौर किरीटाचे तापन

सूर्याच्या वातावरणाचा सर्वांत बाहेरचा, अतिविरळ थर म्हणजे किरीट होय. त्यालाच प्रभामंडल किंवा कोरोना असेही म्हणतात. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे, म्हणजेच दीप्तिगोलाचे, तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे. त्याच्या वर असलेल्या किरीटाचे तापमान मात्र १० ते २० लाख केल्विन असते. ही विसंगती कशी निर्माण होते, हा प्रश्न किरीट-तापनाची समस्या या नावाने ओळखला जातो. विरुद्ध दिशांच्या चुंबकीय बलरेषा एकमेकींजवळ येऊन त्यांची जोडणी बदलणे आणि त्या वेळी चुंबकीय ऊर्जेचे उष्णतेत व गतीत रूपांतर होणे, या प्रक्रियेला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. किरीट-तापनाच्या दोन प्रमुख स्पष्टीकरणांपैकी हे एक असून चुंबकीय तरंगांद्वारे होणारे तापन हे दुसरे होय. किरीटातील पुनर्जोडणीचे मूळ स्थान इतके सूक्ष्म असते की कोणत्याही दूरदर्शकातून ते दिसू शकत नाही. म्हणून तिचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर संगणकीय सदृशीकरणाच्या आधारे केला जातो. सदृशीकरणातील किरीट दहा लाख केल्विनपर्यंत तापतो, हे २००२ पासून दाखवता आले आहे. तथापि, केवळ एवढ्यावरून तापनाची नेमकी यंत्रणा सिद्ध होत नाही.

समस्येचे स्वरूप

उष्णता स्वभावतः उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे वाहते. चुलीपासून जसजसे दूर जावे तसतशी धग कमी होते. सूर्याच्या अंतर्भागातही हाच क्रम दिसतो. गाभ्यात सुमारे दीड कोटी केल्विन असलेले तापमान दीप्तिगोलापाशी ५,८०० केल्विनपर्यंत उतरते आणि त्याच्या वर सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर ४,४०० केल्विनच्या आसपास न्यूनतम होते. त्यापुढे मात्र क्रम उलटतो. सुमारे २,००० किलोमीटर जाडीच्या वर्णगोलात तापमान हळूहळू वाढते आणि त्याच्या वरच्या अत्यंत पातळ संक्रमण थरात ते एकदम दहा लाख केल्विनच्या घरात जाते.

दीप्तिगोल किरीटापेक्षा थंड असल्यामुळे उष्णतावहनाने किंवा प्रकाशाने तो किरीटाला एवढे तापवू शकत नाही. ऊर्जा उष्णतेखेरीज अन्य रूपात वर गेली पाहिजे आणि किरीटात पोहोचल्यावर तिची उष्णता झाली पाहिजे. समस्येचे हे दोन स्वतंत्र भाग आहेत : ऊर्जेची वाहतूक आणि ऊर्जेचे रूपांतर.

येथे तापमान आणि उष्णता यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. किरीटाची घनता दीप्तिगोलाच्या घनतेच्या सुमारे दहा कोटी पटींनी कमी आहे. त्यामुळे तापमान प्रचंड असले, तरी त्यात साठलेली उष्णता अल्प असते. किरीट तप्त ठेवण्यासाठी शांत भागात प्रति चौरस मीटर सुमारे ३०० वॅट, तर सौर डागांभोवतीच्या सक्रिय भागात सुमारे १०,००० वॅट शक्ती पुरवावी लागते. दीप्तिगोलातून प्रकाशरूपाने प्रति चौरस मीटर सुमारे ६.३ कोटी वॅट शक्ती बाहेर पडते. या तुलनेत किरीटाची गरज सक्रिय भागातही सहा हजारांत एक हिश्श्याहून कमी आहे. अर्थात, उणीव ऊर्जेची नसून ती योग्य ठिकाणी नेऊन उष्णतेत बदलणाऱ्या मार्गाच्या ज्ञानाची आहे.

इतिहास

७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना किरीटाच्या वर्णपटात ५३०.३ नॅनोमीटर तरंगलांबीची एक हिरवी रेषा आढळली. प्रयोगशाळेत माहीत असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळत नव्हती. म्हणून ‘कोरोनियम’ या नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली आणि ती अनेक दशके टिकून राहिली. जर्मनीचे वॉल्टर ग्रोट्रियान आणि स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांच्या १९४० च्या सुमाराच्या संशोधनाने हे कोडे सुटले. ती रेषा कोणत्याही नव्या मूलद्रव्याची नव्हती. १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या अणूची होती. लोखंडाचे इतके इलेक्ट्रॉन निघून जाण्यासाठी सुमारे २० लाख केल्विन तापमान आवश्यक असते. अशा रीतीने एक कोडे सुटले आणि त्याच्या उत्तरातूनच किरीट-तापनाची समस्या उभी राहिली.

आरंभी या तापनाचे श्रेय दीप्तिगोलाच्या खळबळीतून निघणाऱ्या ध्वनितरंगांना देण्यात आले. १९७० च्या दशकात ओएसओ-८ या उपग्रहाच्या निरीक्षणांवरून असे आढळले, की किरीटापर्यंत पोहोचणारी ध्वनितरंगांची ऊर्जा फारच अपुरी आहे. त्याच दशकात स्कायलॅब या अवकाशस्थानकातून घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांत किरीटाचे तेज सर्वत्र सारखे नसून चुंबकीय कमानींमध्ये एकवटलेले दिसले. जेथे चुंबकीय क्षेत्र प्रबळ तेथे तापन अधिक, हा संबंध स्पष्ट झाल्यानंतर चुंबकीय क्षेत्र हाच ऊर्जेचा वाहक आहे याविषयी फारसा मतभेद उरला नाही. मतभेद राहिला तो रूपांतराच्या पद्धतीविषयी. स्वीडिश शास्त्रज्ञ हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये भाकीत केलेले चुंबकीय तरंग हा एक पक्ष आणि पुनर्जोडणी हा दुसरा पक्ष होय.

पुनर्जोडणीची प्रक्रिया

किरीटातील द्रव्य आयनद्रायूच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, अवस्थेत असते आणि ते विजेचे उत्तम वाहक आहे. अशा द्रव्यात बलरेषा जणू गोठलेल्या असतात. द्रव्य हलले की त्या हलतात आणि त्या हलल्या की द्रव्य हलते. ही स्थिती कायम राहिली, तर बलरेषांची जोडणी कधीच बदलणार नाही आणि त्यांत साठलेली ऊर्जाही मुक्त होणार नाही. परंतु विरुद्ध दिशांच्या बलरेषा एकमेकींवर दाबल्या गेल्या, की त्यांच्या मध्ये विद्युत् प्रवाहाचा एक अतिशय पातळ पडदा तयार होतो. त्याला प्रवाहस्तर म्हणतात. या स्तरात गोठलेपण संपते, बलरेषा नव्याने जोडल्या जातात आणि ताणलेला रबर सुटावा तशा दोन्ही बाजूंना उसळतात.

या प्रक्रियेची मूळ कल्पना रोनाल्ड जोव्हानेली यांनी १९४६ मध्ये सौर ज्वालांच्या संदर्भात मांडली. जेम्स डंगी यांनी ती पुढे नेली. १९५६ ते १९५८ या काळात पीटर स्वीट व यूजीन पार्कर यांनी तिचे पहिले गणिती प्रारूप तयार केले. या प्रारूपापुढे लवकरच वेगाची अडचण उभी राहिली.

ही अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होते. १०,००० किलोमीटर लांबीची रचना घेतली आणि चुंबकीय तरंगांचा वेग सेकंदाला १,००० किलोमीटर धरला, तर तरंग ती रचना १० सेकंदांत ओलांडतो. किरीटाचा विद्युत् रोध इतका कमी आहे, की केवळ रोधामुळे त्या रचनेतील क्षेत्र विरून जाण्यास सुमारे ३० लाख वर्षे लागतील. या दोन कालावधींच्या गुणोत्तराला लुंडक्विस्ट अंक म्हणतात. येथे तो १० चा १३ वा घात, म्हणजे १ वर १३ शून्ये, इतका आहे. स्वीट-पार्कर प्रारूपात लागणारा काळ या अंकाच्या वर्गमुळाने ठरतो. त्यानुसार तीच ऊर्जा मुक्त होण्यास सुमारे एक वर्ष लागते. ३० लाख वर्षांच्या तुलनेत ही मोठीच प्रगती असली, तरी प्रत्यक्षातील सौर ज्वाला काही मिनिटांत भडकते.

हॅरी पेटशेक यांनी १९६४ मध्ये जलद पुनर्जोडणीचे एक प्रारूप सुचवले. तथापि रोध सर्वत्र एकसारखा धरलेल्या सदृशीकरणांत ते टिकून राहत नाही, असे पुढे आढळले. वेगाच्या प्रश्नाला दोन महत्त्वाची उत्तरे सदृशीकरणांनीच दिली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जेम’ या तुलनात्मक उपक्रमात एकच प्रश्न वेगवेगळ्या संगणकीय प्रणालींनी सोडवला. ज्या प्रणालींत आयन व इलेक्ट्रॉन यांच्या गतींतील फरक विचारात घेतला होता, त्या सर्वांत पुनर्जोडणीचा वेग चुंबकीय तरंगांच्या वेगाच्या सुमारे एक दशांश आला. दुसरे उत्तर २००७ मध्ये नूनो लोरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. लुंडक्विस्ट अंक सुमारे १०,००० च्या पुढे गेला की लांब प्रवाहस्तर अस्थिर होऊन चुंबकीय बेटांच्या साखळीत तुटतो, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर पुनर्जोडणीचा वेग तरंगवेगाच्या सुमारे एक शतांश होतो आणि तो रोधावर जवळजवळ अवलंबून राहत नाही. या वेगाने वरील उदाहरणातील एका वर्षाचे काम काही मिनिटांत होते.

पार्कर यांची नॅनोज्वालांची संकल्पना

मोठ्या सौर ज्वाला अधूनमधूनच होतात. किरीट मात्र सतत तप्त असतो. म्हणून तापनासाठी पुनर्जोडणी सर्वत्र आणि अखंड होत राहिली पाहिजे. ती कशी होईल, याचे स्पष्टीकरण पार्कर यांनी १९७२ पासूनच्या लेखांतून मांडले. किरीटातील कमानींची दोन्ही टोके दीप्तिगोलात रुतलेली असतात. तेथे सुमारे १,००० किलोमीटर रुंदीच्या कणिका उकळत्या द्रवाप्रमाणे सतत वरखाली होत असतात आणि बलरेषांची टोके इकडून तिकडे ढकलत असतात. त्यामुळे वरच्या बलरेषांना वेणीच्या पेडांप्रमाणे पीळ पडत जातो. पीळ वाढला, की शेजारच्या पेडांमध्ये प्रवाहस्तर तयार होतात आणि पुनर्जोडणीने लहान लहान स्फोट होतात.

१९८८ मधील लेखात पार्कर यांनी या स्फोटांना नॅनोज्वाला म्हटले. प्रत्येक स्फोटाची ऊर्जा त्यांनी १० चा १७ वा घात इतके ज्यूल धरली. ही ऊर्जा सर्वांत मोठ्या सौर ज्वालेच्या सुमारे एक अब्जांश आहे. ‘नॅनो’ हा उपसर्ग त्यामुळेच आला. पृथ्वीवरच्या मापाने मात्र ती सुमारे २४ मेगाटन टीएनटीच्या स्फोटाएवढी भरते. पार्कर यांचा हिशेब असा : क्षेत्र १०० गॉस आणि टोकांचा वेग सेकंदाला अर्धा किलोमीटर धरला, तर बलरेषा सरळ दिशेपासून सुमारे १४ अंश कलल्यावर प्रति चौरस मीटर १०,००० वॅट शक्ती वर पोहोचते. सक्रिय भागाची गरज नेमकी एवढीच आहे. मात्र कल तेवढा होईपर्यंत पुनर्जोडणीने वाट पाहिली पाहिजे. ती फार लवकर घडली, तर पीळ साठणारच नाही आणि तापन अपुरे पडेल.

सदृशीकरणाच्या पद्धती

सदृशीकरणात सूर्याच्या वातावरणाचा एक चौकोनी तुकडा कल्पून त्याची लहान लहान घनाकृती घरांत विभागणी केली जाते. प्रत्येक घरातील घनता, वेग, तापमान व चुंबकीय क्षेत्र यांची मूल्ये क्षणाक्षणाला समीकरणांनुसार पुढे नेली जातात. त्यासाठी मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात.

पहिली पद्धत चुंबकीय द्रायुगतिकीची होय. तीत आयनद्रायू हा अखंड प्रवाही पदार्थ मानला जातो. या पद्धतीने दीप्तिगोलाखालच्या खळबळीपासून किरीटापर्यंतचा हजारो किलोमीटरचा प्रदेश हाताळता येतो. प्रारणाने होणारी ऊर्जेची घट आणि बलरेषांच्या दिशेने होणारे उष्णतावहन यांचाही समावेश करावा लागतो. अन्यथा मिळणारे तापमान निरर्थक ठरते.

दुसऱ्या, कण-जालक पद्धतीत असंख्य आयन व इलेक्ट्रॉन यांच्या नमुनादाखल घेतलेल्या कणांचा मार्ग काढला जातो. प्रवाहस्तराच्या गाभ्यात काय घडते आणि कण कसे वेगवान होतात, हे तीवरून कळते. परंतु तिच्या आवाक्यात येणारा प्रदेश किरीटाच्या मानाने अगदीच लहान असतो.

महत्त्वाची सदृशीकरणे

क्लाउस गाल्सगार्ड व ओके नोर्डलुंड यांनी १९९६ मध्ये सरळ बलरेषांच्या दोन्ही टोकांना अनियमित गती देऊन पार्कर यांची कल्पना संगणकावर तपासली. थोड्याच वेळात लहानमोठ्या प्रवाहस्तरांची श्रेणी निर्माण झाली आणि तापन खंडित स्फोटांच्या रूपात होऊ लागले. बोरिस गुडिक्सेन व नोर्डलुंड यांनी २००२ मध्ये आणि २००५ मधील सविस्तर लेखांत प्रत्यक्ष सौर निरीक्षणांवर आधारलेले चुंबकीय क्षेत्र आणि सूर्यावरच्यासारखी पृष्ठीय गती घेतली. तापनासाठी वेगळी ऊर्जा न पुरवताही किरीट दहा लाख केल्विनपर्यंत तापला आणि कमानीही दिसू लागल्या. त्यानंतर ओस्लो विद्यापीठातील ‘बायफ्रॉस्ट’ आणि जर्मनीत विकसित झालेली व पुढे किरीटापर्यंत विस्तारलेली ‘म्युरॅम’ या प्रणालींनी अधिक वास्तव चित्रे दिली. म्युरॅमच्या साहाय्याने २०१९ मध्ये एका सौर ज्वालेचे ऊर्जासंचयापासून स्फोटापर्यंतचे सदृशीकरणही प्रसिद्ध झाले.

मर्यादा

सदृशीकरणांची मुख्य मर्यादा मोजमापांच्या दरीत आहे. १०,००० किलोमीटर बाजूचा घन १० मीटरच्या घरांत विभागायचा झाल्यास प्रत्येक बाजूला १० लाख आणि एकूण १० चा १८ वा घात इतकी घरे लागतील. बाजूला १,००० घरे असलेल्या मोठ्या सदृशीकरणातही ही संख्या १०० कोटीच असते. म्हणजे गरजेच्या एक अब्जांश. किरीटातील आयनांची स्वाभाविक लांबी तर दहा मीटरहूनही कमी आहे. परिणामी सदृशीकरणातील रोध खऱ्या रोधापेक्षा कित्येक लाख पटींनी अधिक असतो आणि प्रवाहस्तरही प्रत्यक्षापेक्षा खूप जाड होतात.

असे असूनही तापमान योग्य येते, याची दोन कारणे आहेत. पहिले असे, की एकूण तापन बऱ्याच अंशी खालून ढकलल्या जाणाऱ्या ऊर्जेने ठरते. ती ऊर्जा शेवटी कोठे ना कोठे उष्णतेत बदलतेच. बदलण्याची रीत कोणती, याचा एकूण बेरजेवर थोडाच परिणाम होतो. दुसरे कारण उष्णतावहनाचे आहे. आयनद्रायूची उष्णतावाहकता तापमानाबरोबर अतिशय झपाट्याने वाढते. त्यामुळे जादा उष्णता बलरेषांवरून खाली उतरते, वर्णगोलातील द्रव्य तापून वर येते आणि कमान अधिक दाट होते. तापमान मात्र फारसे चढत नाही. समतोल असलेल्या कमानीत तापन दुप्पट केले तर तापमान केवळ २२ टक्क्यांनी वाढते. दहापट केले तरी ते पुरते दुप्पट होत नाही.

यावरून असे दिसते, की दहा लाख केल्विनचा किरीट मिळणे ही सदृशीकरणाची आवश्यक कसोटी आहे, पुरेशी नव्हे. पुनर्जोडणीवर आधारलेले व तरंगांवर आधारलेले प्रारूप या कसोटीला एकाच वेळी उतरू शकतात. त्यांच्यातील फरक तापमानाच्या सरासरीत आढळत नाही. तो तापन किती खंडित आहे, सर्वांत तप्त द्रव्य किती आहे आणि वर्णपटरेषांची रुंदी किती आहे अशा तपशिलांत शोधावा लागतो. म्हणून अलीकडे सदृशीकरणातून कृत्रिम निरीक्षणे तयार केली जातात. उपग्रहाला हा प्रदेश कसा दिसला असता, याचे गणित करून ते चित्र प्रत्यक्ष निरीक्षणाशी ताडून पाहिले जाते.

निरीक्षणांशी पडताळा

पुनर्जोडणी घडते, याविषयी शंका उरलेली नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे १९९५ पासून ती प्रयोगशाळेत घडवून अभ्यासली जात आहे. २०१५ मध्ये सोडलेल्या एमएमएस मोहिमेच्या चार यानांनी पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या सीमेवर तिच्या गाभ्यातील इलेक्ट्रॉनांचे प्रत्यक्ष मापनही केले आहे. किरीटातील तापनात तिचा वाटा किती, हा प्रश्न वेगळा आहे.

या संदर्भात ह्यू हडसन यांनी १९९१ मध्ये एक साधा निकष दिला. ज्वालांची ऊर्जा जसजशी कमी होते, तसतशी त्यांची संख्या घातीय नियमाने वाढते. या नियमाचा घातांक २ पेक्षा अधिक असेल, तरच लहान ज्वालांची एकत्रित ऊर्जा मोठ्यांपेक्षा जास्त भरते. वेगवेगळ्या निरीक्षणांतून हा घातांक २ च्या दोन्ही बाजूंना आलेला आहे. त्यामुळे निर्णय झालेला नाही.

११ जुलै २०१२ रोजी अग्निबाणातून नेलेल्या ‘हाय-सी’ दूरदर्शकाने सुमारे १५० किलोमीटरपर्यंतचे बारकावे टिपले आणि काही कमानींत पिळलेल्या पेडांसारख्या रचना दाखवल्या. २०२० मध्ये सोलर ऑर्बिटर यानाला शांत किरीटात ४०० ते ४,००० किलोमीटर आकाराचे क्षणिक ठिपके आढळले. त्यांना शेकोट्या असे नाव पडले. म्युरॅम प्रणालीच्या सदृशीकरणांत तशाच शेकोट्या आपोआप उत्पन्न झाल्या आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी पुनर्जोडणी होती. २०१८ मध्ये निघालेले पार्कर सोलर प्रोब हे यान एप्रिल २०२१ मध्ये किरीटात शिरले आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यपृष्ठापासून सुमारे ६१ लाख किलोमीटर अंतरावरून गेले. आपले नाव दिलेल्या यानाचा किरीटप्रवेश पार्कर यांना पाहता आला. मार्च २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

तरंगांच्या पक्षालाही निरीक्षणांचा आधार आहे. २००७ पासून किरीटात व वर्णगोलात चुंबकीय तरंग प्रत्यक्ष दिसले असून शांत भागाच्या तापनाला त्यांची ऊर्जा पुरेशी असू शकेल, असे २०११ मधील निरीक्षणांवरून अनुमान निघते. पुनर्जोडणी तरंग निर्माण करते आणि तरंगांच्या खळबळीतून प्रवाहस्तर निर्माण होतात. त्यामुळे हे दोन पक्ष परस्परांना सर्वस्वी वगळणारे नाहीत.

भारतातील संशोधन

भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी नियोजित कक्षेत स्थिरावले. त्यावरील व्हीईएलसी हे किरीटदर्शक उपकरण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तयार केले आहे. ज्या वर्णपटरेषांत ते किरीटाचे निरीक्षण करते, त्यांत १८६९ मध्ये सापडलेली ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेषाही आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘सूट’ हा दूरदर्शक २०० ते ४०० नॅनोमीटरच्या जंबुपार पट्ट्यात दीप्तिगोल व वर्णगोल पाहतो. ऊर्जा वर नेणारा प्रदेश हाच होय. पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांना २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील एमडब्ल्यूए या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत शांत किरीटातून येणारे क्षीण व क्षणिक रेडिओ स्पंद आढळले. नॅनोज्वालांपासून अपेक्षित असलेल्या संकेतांशी ते सुसंगत आहेत.

महत्त्व

किरीटातून येणारे जंबुपार व क्ष-किरण पृथ्वीच्या उच्च वातावरणाला तापवतात आणि त्यामुळे उपग्रहांच्या कक्षांवर परिणाम होतो. पुनर्जोडणीने भडकलेले मोठे उद्रेक पृथ्वीवर चुंबकीय वादळे आणतात. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पाडला होता. अशा घटनांची पूर्वसूचना देण्यासाठी ऊर्जा साठते कोठे, याबरोबर ती सुटते केव्हा हेही सांगता आले पाहिजे. सध्याची सदृशीकरणे पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी देतात. दुसऱ्याचे उत्तर ज्या सूक्ष्म प्रवाहस्तरांत दडलेले आहे, तेथपर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाहीत.